विश्लेषण : नाकातील दुर्मीळ कर्करोगात ‘पाच वर्षे’ पुरेशी का नाहीत?

कर्करोगाचे उपचार संपून पाच वर्षे झाली आणि आजार परतला नाही, की रुग्ण आणि त्याचे कुटुंब सुटकेचा नि:श्वास टाकते. अनेक कर्करोगांत हा दिलासा बऱ्याच अंशी रास्तही असतो. मात्र नाकाच्या छताशी, वासाच्या चेतापेशींच्या थरात होणाऱ्या ‘ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा’ या दुर्मीळ कर्करोगात हा हिशेब फसवा ठरू शकतो. हा आजार दहा, कधी पंधरा वर्षांनीही डोके वर काढतो. दुसरीकडे, वेळेत आणि अचूक निदान झाल्यास यातील बरेच रुग्ण दीर्घकाळ जगतात. त्यामुळे या आजारात पहिले निदान, पहिली शस्त्रक्रिया आणि नंतरची दीर्घ तपासणी या तीन गोष्टी निर्णायक ठरतात.

हा कर्करोग नेमका कुठे होतो?

नाकाची पोकळी आणि मेंदू यांच्यामध्ये चाळणीसारखे सच्छिद्र, अतिशय पातळ हाड असते. या छिद्रांतून वासाच्या चेतातंतू मेंदूकडे जातात. हाडाच्या खालच्या बाजूला, नाकाच्या अगदी वरच्या भागात वास ओळखणाऱ्या पेशींचा अस्तर असतो. या अस्तरातून निर्माण होणारी गाठ म्हणजे ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा. तिला ‘एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा’ असेही म्हटले जाते. १९२४ मध्ये बर्जर आणि ल्यूक या फ्रेंच संशोधकांनी तिचे पहिले वर्णन केले.

या जागेमुळेच आजार गुंतागुंतीचा होतो. वर मेंदू, दोन्ही बाजूंना डोळे, मागे दृष्टीच्या चेता आणि मोठ्या रक्तवाहिन्या. गाठ चाळणीच्या छिद्रांतून सहज वर सरकते आणि तीच वाट शस्त्रक्रियेत सुरक्षितपणे बंद करावी लागते.

तो किती दुर्मीळ आहे आणि का होतो?

पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे ०.४ रुग्ण आढळतात. म्हणजे साधारण २५ लाख लोकसंख्येत वर्षाला एक. हाच दर महाराष्ट्राला लावला, तर २०११ च्या जनगणनेतील ११.२४ कोटी लोकसंख्येत वर्षाला ४५ च्या आसपास रुग्ण होतात. ही प्रत्यक्ष मोजणी नव्हे, केवळ गणित आहे. पण त्यावरून एक गोष्ट लक्षात येते. जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखाना चालवणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला असा रुग्ण संपूर्ण कारकीर्दीत एकदाच दिसेल किंवा दिसणारही नाही.

हा आजार कोणत्याही वयात होऊ शकतो. मात्र चाळिशी ते साठीच्या दरम्यान त्याचे प्रमाण अधिक आढळते. त्याचे ठोस कारण सिद्ध झालेले नाही. लाकडाच्या भुशाचा आणि चामड्याच्या धुळीचा दीर्घ संपर्क नाकाच्या वेगळ्या प्रकारच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतो, हे सिद्ध आहे. या गाठीबाबत तसा पुरावा नाही. तंबाखूशीही तिचा संबंध सिद्ध झालेला नाही. त्यामुळे ‘कोणतेही व्यसन नसताना मलाच का?’ या रुग्णाच्या प्रश्नाला वैद्यकशास्त्राकडे आज उत्तर नाही.

निदानाला उशीर का होतो?

लक्षणे अगदी रोजच्या परिचयाची असतात. एका बाजूचे नाक चोंदणे आणि अधूनमधून घोळणा फुटणे ही सर्वांत सामान्य लक्षणे. वास कमी होणे, डोकेदुखी, डोळ्यातून पाणी येणे ही त्यानंतरची. डोळा पुढे येणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे, हे बहुधा गाठ पसरल्यावर घडते. पडसे, ॲलर्जी, सायनस, नाकाचे वाकडे हाड किंवा ‘नाकात मांस वाढलेय’ असे समजून महिनोन् महिने फवारे आणि गोळ्या चालतात. वास घेण्याची क्षमता एकाच बाजूने कमी झाली, तर दुसरी बाजू ती उणीव भरून काढते आणि रुग्णाला पत्ताही लागत नाही.

चोंदलेल्या नाकामागे बहुतांश वेळा साधेच कारण असते, त्यामुळे घाबरण्याची गरज नाही. पण एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ॲलर्जीने किंवा दीर्घकालीन सुजेने वाढणारे नाकातील कोंब बहुधा दोन्ही बाजूंना असतात. एकाच बाजूला वाढलेला कोंब, त्यातून रक्त येणे आणि नेहमीच्या औषधांनी काही आठवड्यांत फरक न पडणे, असे एकत्र आढळल्यास दुर्बिणीने तपासणी व्हायला हवी. प्रौढ व्यक्तीत एका बाजूचा कोंब काढल्यास तो सूक्ष्मदर्शीय तपासणीसाठी पाठवलाच पाहिजे. तो फेकून देण्यात सर्वांत मोठा धोका असतो.

तुकडा काढण्याआधी स्कॅन का?

नाकाच्या छताशी असलेली गाठ रक्ताने भरलेली असू शकते. काही वेळा ती गाठ नसून मेंदूचे आवरण खाली उतरलेले असते. त्यामुळे स्कॅन न करता चिमट्याने तुकडा घेतल्यास मोठा रक्तस्राव किंवा मेंदूभोवतीच्या द्रवाची गळती होऊ शकते. आधी सीटी स्कॅन आणि एमआरआय, मग तुकडा, हा क्रम सुरक्षित मानला जातो. सीटी स्कॅनमध्ये चाळणीचे हाड कुठे कुरतडले गेले ते दिसते. एमआरआयमध्ये गाठ मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा त्यापलीकडे गेली आहे का ते कळते आणि सायनसमध्ये साचलेला स्राव कोणता व खरी गाठ कोणती, हेही वेगळे करता येते. मानेतील गाठी आणि शरीरात इतरत्र प्रसार पाहण्यासाठी पेट स्कॅनचा उपयोग होतो.

निदान चुकण्याची शक्यता किती?

सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीतील पेशी लहान, गोल आणि निळ्या दिसतात. लिम्फोमा, मेलॅनोमा, स्नायूंचा सार्कोमा, न्यूरोएंडोक्राइन कर्करोग, एवढेच काय पिट्युटरी ग्रंथीची गाठही जवळपास अशीच दिसू शकते. त्यांचे उपचार मात्र पूर्णपणे वेगळे असतात. लिम्फोमावर प्रामुख्याने औषधांनी उपचार होतात. पिट्युटरीच्या अनेक गाठी कर्करोगाच्या नसतातच.

अमेरिकेतील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात याचे गांभीर्य दिसले. बाहेरून या आजाराचे निदान घेऊन आलेल्या १२ रुग्णांच्या नमुन्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा केवळ दोघांचे निदान बरोबर ठरले. २०१८ मध्ये डीएनएवरील रासायनिक खुणांच्या आधारे झालेल्या अभ्यासातही या नावाने नोंदवलेल्या ६६ गाठींपैकी सुमारे दोनतृतीयांशच मूळ गटात बसल्या.

याचा अर्थ दुहेरी आहे. एक तर मोठ्या उपचारांपूर्वी नमुन्याची दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून फेरतपासणी आवश्यक आहे. त्यासाठी प्रयोगशाळेतून मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या मिळवता येतात, पुन्हा तुकडा काढावाच लागतो असे नाही. दुसरे म्हणजे, जुन्या अभ्यासांतील जगण्याच्या टक्केवारीत वेगळ्याच आजारांचे काही रुग्ण मिसळलेले असण्याची शक्यता आहे. ते आकडे वाचताना हे भान ठेवावे लागते.

टप्पा आणि श्रेणी यांत फरक काय?

गाठ किती पसरली आहे ते टप्पा सांगतो. १९७६ मध्ये कॅडिश यांनी मांडलेली पद्धत आजही प्रचलित आहे. गाठ नाकाच्या पोकळीपुरती असेल तर ‘ए’, सायनसमध्ये गेली असेल तर ‘बी’ आणि त्यापलीकडे मेंदू, डोळ्याची खोबण अशा भागांत पोहोचली असेल तर ‘सी’. मानेतील लसिकाग्रंथी किंवा दूरच्या अवयवांतील प्रसारासाठी ‘डी’ हा टप्पा नंतर जोडला गेला.

श्रेणी वेगळी. गाठीतील पेशी किती आक्रमक आहेत ते ती दर्शवते. हायम्स यांच्या पद्धतीत एक ते चार अशा श्रेणी आहेत. पहिल्या दोन सौम्य, तर तिसरी आणि चौथी आक्रमक मानली जाते. रुग्णाच्या अहवालात टप्पा आणि श्रेणी दोन्ही असणे गरजेचे आहे. टप्पा ‘सी’ पण श्रेणी सौम्य असलेल्या रुग्णाची वाटचाल आणि तोच टप्पा पण चौथी श्रेणी असलेल्या रुग्णाची वाटचाल यांत मोठे अंतर असते.

उपचारांचा मुख्य मार्ग कोणता?

बहुतेक रुग्णांत शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरणोपचार. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर चाळणीचे हाड, गरजेनुसार मेंदूचे आवरण आणि वासाची चेता काढली जाते. कडा कर्करोगमुक्त असणे हा यशाचा महत्त्वाचा निकष. पूर्वी यासाठी कपाळाचे हाड उघडून आणि चेहऱ्यावर छेद घेऊन वरून व खालून अशी एकत्रित शस्त्रक्रिया होत असे. १९६० आणि ७० च्या दशकांत ही पद्धत रूढ झाल्यानंतरच या आजारातील निकाल लक्षणीय सुधारले.

किरणोपचार साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. आधुनिक आयएमआरटी तंत्रात डोळे, दृष्टीच्या चेता आणि मेंदू यांना मिळणारी किरणांची मात्रा कमी ठेवता येते. अगदी लहान, सौम्य श्रेणीची आणि पूर्ण निघालेली गाठ असेल, तर किरणोपचार टाळता येतात का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. केमोथेरपीची जागा अद्याप पक्की नाही. मोठी गाठ आधी लहान करण्यासाठी, आक्रमक श्रेणीत किंवा प्रसार झालेल्या आजारात ती वापरली जाते.

या आजाराचे रुग्ण इतके कमी असतात, की दोन उपचारांची थेट तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. बहुतेक ज्ञान जुन्या नोंदी चाळून मिळालेले आहे. म्हणूनच हा निर्णय एका डॉक्टरने न घेता नाक आणि मेंदूचे शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून घ्यावा, असा आग्रह धरला जातो.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया अधिक चांगली आहे का?

गेल्या दोन दशकांत नाकपुडीतून दुर्बिणीने गाठ काढण्याचे तंत्र वेगाने पुढे गेले. चेहऱ्यावर व्रण राहत नाही, मेंदू बाजूला सारावा लागत नाही आणि रुग्ण लवकर सावरतो. मेंदू आणि नाक यांच्यातील भोक बुजवणे ही सुरुवातीला मोठी अडचण होती. २००६ मध्ये अर्जेंटिनातील शल्यचिकित्सकांनी नाकाच्या पडद्याचे अस्तर रक्तपुरवठ्यासह फिरवून तिथे बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर द्रवगळतीचे प्रमाण बरेच घटले.

२००९ मध्ये ३६१ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेले रुग्ण अधिक जगल्याचे दिसले. मात्र उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात पसरलेल्या गाठींचे रुग्ण जास्त होते. साहजिकच दोन्ही गटांची तुलना समान पातळीवर नव्हती. योग्य निवड केलेल्या रुग्णांत दुर्बिणीची पद्धत निदान तितकीच परिणामकारक आहे, इतके म्हणता येते. गाठ मेंदूत खोलवर किंवा डोळ्याच्या बाजूला दूरवर गेली असेल तर उघडी किंवा मिश्र शस्त्रक्रिया करावी लागते. गाठ पूर्ण निघाली का, हा प्रश्न छेद कुठे घेतला यापेक्षा महत्त्वाचा आहे.

जगण्याचे आकडे काय सांगतात?

‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात २६ अभ्यासांतील ३९० रुग्णांचा समावेश होता. त्यात पाच वर्षे जगण्याचे सरासरी प्रमाण ४५ टक्के होते. पण ही सरासरी बरेच काही झाकते. ‘ए’ टप्प्यात हे प्रमाण ७२ टक्के, ‘बी’मध्ये ५९ आणि ‘सी’मध्ये ४७ टक्के होते. सौम्य श्रेणीत ५६, तर आक्रमक श्रेणीत केवळ २५ टक्के. निदानाच्या वेळी मानेत प्रसार असलेल्यांत २९ टक्के, नसलेल्यांत ६४ टक्के. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दोन्ही मिळालेल्यांत ६५ टक्के, तर केवळ किरणोपचार मिळालेल्यांत ३७ टक्के. शेवटच्या आकड्यांत एक मेख आहे. केवळ किरणोपचार बहुधा शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या, म्हणजे मुळातच गंभीर रुग्णांना दिले जातात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीतील १९७३ ते २००२ या काळातील ३११ रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे ६२ टक्के आढळले. दहा वर्षांनी ते सुमारे ४६ टक्क्यांवर आले. ‘ए’ टप्प्यात दहा वर्षांचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक होते, तर ‘डी’मध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. यांत इतर कारणांनी झालेले मृत्यूही आहेत. तरीही पाचव्या आणि दहाव्या वर्षांच्या दरम्यानची घसरण दुर्लक्षिण्याजोगी नाही. शिवाय हे सगळे आकडे जुन्या काळातील उपचारांचे आहेत. आजच्या अनुभवी केंद्रांतील निकाल याहून चांगले आढळतात.

पाच वर्षांनंतरही आजार का परततो?

सौम्य श्रेणीच्या गाठी हळू वाढतात. मागे राहिलेल्या थोड्या पेशी अनेक वर्षे जवळपास निद्रिस्त राहतात आणि नंतर दिसू लागतात. आजार मूळ जागी परतू शकतो, तसाच मेंदूच्या आवरणावर मूळ जागेपासून दूर उमटू शकतो. मान हे आणखी एक ठिकाण. निदानाच्या वेळी मानेत प्रसार असलेले रुग्ण थोडे असतात, पण पुढील वर्षांत मिळून पाचातील एका रुग्णाच्या आसपास हे प्रमाण जाते.

दिलासा असा, की उशिरा परतलेला आजार लवकर सापडल्यास पुन्हा शस्त्रक्रिया आणि किरणोपचार करून अनेकांना पुढची वर्षे मिळतात. म्हणून सुरुवातीची काही वर्षे दर काही महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा दुर्बिणीने तपासणी, एमआरआय आणि मानेची तपासणी करण्याची शिफारस केली जाते. अनेक तज्ज्ञ ही तपासणी पंधरा वर्षे किंवा आयुष्यभर चालू ठेवण्यास सांगतात. पाच वर्षांनी ‘आता सगळे ठीक आहे’ म्हणून फाइल कपाटात ठेवणारा रुग्ण नेमकी हीच संधी गमावतो.

उपचारांनंतरचे आयुष्य कसे असते?

दोन्ही बाजूंच्या वासाच्या चेता काढाव्या लागल्यास वास कायमचा जातो. निवडक रुग्णांत एक बाजू वाचवता येते. वास गेल्यावर जेवणाची चवही फिकी होते. फोडणी करपली, दूध नासले, सिलिंडर गळू लागला तरी कळत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणूनच उग्र वास दिलेला असतो. तो न येणाऱ्या व्यक्तीच्या घरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवणे ही चैन नव्हे, गरज आहे. नाकात खपल्या धरणे, डोळ्यांना कोरडेपणा, मोतीबिंदू, पिट्युटरीची संप्रेरके कमी होणे हे किरणोपचारांचे उशिराचे परिणाम. रुग्ण दीर्घकाळ जगणार असल्याने त्यांची दखल घेणेही उपचारांचाच भाग ठरतो.

भारतात आणि महाराष्ट्रात अडचण कुठे आहे?

भारतातील मोठ्या केंद्रांतून प्रसिद्ध झालेल्या रुग्णमालिकांत बरेच रुग्ण ‘सी’ टप्प्यात पोहोचलेले आढळतात. पहिली अडचण उशिराची, दुसरी नोंदींची. १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली, तर १९८७ मध्ये बार्शीत पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पण काही लाख लोकसंख्येच्या नोंदणीत हा आजार अनेक वर्षांतून एखाद्या वेळीच दिसणार. त्यामुळे विविध केंद्रांनी माहिती एकत्र करणे हाच मार्ग उरतो. टाटा स्मारक केंद्राच्या समन्वयाने २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये आज ३०० हून अधिक केंद्रे आहेत. त्याच्या दूरस्थ चर्चासत्रांतून लहान केंद्रांना अवघड रुग्णांबाबत तज्ज्ञांचे मत घेता येते.

तिसरी अडचण अंतराची. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार समाविष्ट आहेत. मात्र विदर्भ किंवा मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबाला सहा आठवडे मुंबईत राहणे, बुडणारी मजुरी आणि पुढे पंधरा वर्षे तपासणीसाठी येणे हा खर्च कोणत्याही पॅकेजमध्ये बसत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणांचा आधार अनेकांना असतो. वार्षिक एमआरआय आणि दुर्बिणीची तपासणी जिल्ह्याच्या जवळ करून अहवाल मुख्य केंद्राला पाठवण्याची व्यवस्था झाली, तर पाठपुरावा सुटण्याचे प्रमाण घटू शकेल.

नवीन काय आहे?

प्रोटॉन किरणोपचारांत गाठीपलीकडे जाणारी मात्रा कमी असल्याने डोळे व मेंदूजवळच्या गाठींत ते उपयुक्त ठरू शकतात. चेन्नईत २०१९ मध्ये खासगी रुग्णालयात, तर खारघर येथे टाटा स्मारक केंद्रात २०२३ मध्ये ही सुविधा आली. मात्र या आजारात त्याने आयुष्य वाढते, हे थेट तुलनेतून सिद्ध झालेले नाही. यातील बऱ्याच गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राहक आढळतात. त्यांना चिकटणाऱ्या द्रव्याचा वापर करून विशेष पेट स्कॅन करता येतो. प्रसार झालेल्या मोजक्या रुग्णांत त्याच मार्गाने ल्युटेशियम हे किरणोत्सारी औषधही वापरून पाहिले गेले आहे.

ही साधने उपयोगी पडतील, पण आज सर्वाधिक फरक पडतो तो साध्या गोष्टींनी. एका बाजूचा कोंब तपासणीसाठी पाठवणे, निदानाची फेरतपासणी करून घेणे, पहिलीच शस्त्रक्रिया अनुभवी चमूकडे होणे आणि सहाव्या, दहाव्या, बाराव्या वर्षीही रुग्णाला तपासणीसाठी बोलावले जाणे. रुग्णालयातून घरी जाताना ‘पुढची तपासणी कधी, कुठे आणि किती वर्षे?’ याचे लेखी उत्तर रुग्णाच्या हाती असायला हवे.